तेरा जणांचा जाहीर सत्कार

लहानूजी थूल यांनी आयुष्यात एकच काम वरिष्ठांच्या आदेशाशिवाय, स्वतःच्या मनाने हाती घेतलं, आणि ते असं काही अंगाशी आलं की आजही भाजी आणायला ते चौकातून न जाता मागच्या नालीकाठच्या रस्त्याने जातात. त्या रस्त्याला चिखल असतो, डुकरं असतात, एक द्वाड कुत्रा तर रोज पायजम्याला धरतो. पण चौकातला तो विजेचा खांब बघायला नको म्हणून लहानूजी कुत्रा पत्करतात.

माणूस तसा सोन्यासारखा. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक होते. एवढ्या वर्षांत हातून एक कागद गहाळ झाला नाही. घरी दूधवाला आला नाही तर त्याचीही तारीख लिहून ठेवणारा माणूस. अशा माणसाच्या घरात अश्विनचं दुखणं आलं, आणि त्या दुखण्याची नोंद कुठल्या रकान्यात करावी हेच लहानूजींना उमजेना. अश्विन त्यांचा एकुलता एक मुलगा, वय एकतीस. पुण्याची नोकरी सोडून घरी आला आणि मागच्या खोलीत शिरला तो शिरलाच. डॉक्टर नैराश्य म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. सात-आठ महिन्यांनी पोरगा थोडा सावरला, दाढी करायला लागला, संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायला लागला. नलूबाई, म्हणजे लहानूजींच्या पत्नी, त्याला ओट्यावर बघून आत जाऊन डोळे पुसायच्या आणि बाहेर येऊन विचारायच्या, "चहा ठेवू का बाप्पा?" बस, एवढंच.

त्याच सुमारास माधवी मॅडमनी कोर्सचं सांगितलं. मॅडम अश्विनच्या दवाखान्यातल्या समुपदेशक, तिशीपस्तिशीच्या, बोलायला मऊ पण ऐकायला तिखट. त्यांची एक संस्था गावोगाव मोफत वर्ग घ्यायची. आठ शनिवार, चार ते सहा. झोप कशी लागावी, राग आला तर काय करावं, गोळ्यांची भीती, पुन्हा कामावर जायचं कसं, असे विषय. गंमत म्हणजे शिकवायला दोघं: एक शिकलेला माणूस आणि एक स्वतः त्यातून गेलेला माणूस. फी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. आणि हजेरीही नाही.

"हजेरी नाई?" लहानूजींनी दोनदा विचारलं.

"नाही काका. नावसुद्धा विचारत नाही आम्ही. ज्याला यायचं तो येतो."

"मंग कोन आलं अन् कोन नाई आलं, हे समजते कसं?"

"आलेला माणूस दिसतो ना," माधवी मॅडम म्हणाल्या. लहानूजींना हे उत्तर फार ढिलं वाटलं.

वर्ध्यात वर्ग घ्यायला जागा मात्र मिळत नव्हती. हे ऐकलं आणि लहानूजींच्या अंगात चार वर्षं झोपलेला वरिष्ठ सहायक उठून बसला. आपल्या लेआउटचा, म्हणजे वसाहतीचा, हॉल आहे की! अर्ज करू, मंजुरी घेऊ, दोन दिवसांत काम. अश्विन ओट्याच्या कठड्याला टेकून ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "मी जाईन त्या वर्गाले. पन बाबा, तुमी आत नोका येऊ."

"मी कायले येतो बावा आत?" लहानूजी म्हणाले. मनात मात्र लागलं. ज्याच्यासाठी हॉल मिळवायचा, तोच म्हणतो आत येऊ नका. तरी पोरगा घराबाहेर पडायचं म्हणतो आहे, हे काय कमी होतं? त्यांनी ते लागणं गिळलं आणि अर्ज लिहायला घेतला.

अर्जाचा विषय होता, 'मानसिक आरोग्य सुधारणा वर्गासाठी सभागृह उपलब्ध करून मिळणेबाबत.' हॉल समितीचे अध्यक्ष रूपरावजी. नगरपालिकेला दोनदा उभे राहून दोन्ही वेळा पडलेले, आणि तिसऱ्यांदा उभं राहायच्या तयारीत असलेले. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"थूलसाहेब, हे मानसिक-बिनसिक नोका लिहू. उद्या लोक म्हनतीन, लेआउटमंदी पागल जमा होऊन राह्यले. प्लॉटचे भाव पडतीन ना!"

"पागल कोन म्हनते त्याइले?"

"मी नाई म्हनत हो. लोकाइचं सांगून राह्यलो."

लोकांचा प्रतिनिधी तिथेच बसला होता. हिरालालजी, लेआउटमधले किराणा दुकानदार, समितीचे सदस्य. ते म्हणाले, "लहानूजी, फालतूचा लफडा कायले पालता? ज्याच्या डोक्यात गडबड आहे त्याले दवाखान्यात न्या. आमच्या घरी बायामानसं आहेत, सूनबाई आहे. कोन केव्हा काय करन, भरोसा आहे का?" लहानूजींच्या डोळ्यांसमोर अश्विन आला, गुडघ्यात मान घालून बसलेला, जो मुंगीसुद्धा ओलांडून जातो. त्यांना हिरालालजींना चार शब्द सुनवायचे होते. पण चौतीस वर्षांच्या सवयीने त्यांनी फक्त अर्ज परत घेतला आणि सुधारित अर्ज सादर करतो म्हणाले. त्या दिवशी बोलले असते तर पुढचं बरंच टळलं असतं, असं त्यांना अजून वाटतं.

सुधारित अर्जात 'विरंगुळा वर्ग' होतं. रूपरावजी म्हणाले, विरंगुळा म्हणजे लोकांना पत्ते वाटतील. तिसऱ्या अर्जात 'आनंदी जीवन मोफत शिबिर' झालं आणि मंजुरी मिळाली. एका अटीवर. हॉल फुकट हवा असेल तर कार्यक्रम समितीचा समजला जाईल, आणि समितीचा कार्यक्रम म्हटलं की समारोप आला, समारोप म्हटला की अध्यक्षीय भाषण आणि सत्कार आला. लहानूजींनी सही ठोकली. समारोपाला कोण नाही म्हणतं? माधवी मॅडमना ही अट सांगायची राहून गेली. म्हणजे राहून गेली असं ते म्हणतात.

आता आपल्याकडे 'मोफत शिबिर' हे दोन शब्द फळ्यावर लिहिले की काय होतं? पहिल्या शनिवारी चार वाजता हॉलसमोर सत्तेचाळीस माणसं. सगळी म्हातारी, सगळी चिडलेली. कारण मोफत शिबिर म्हणजे शुगर तपासणी, शुगर तपासणी म्हणजे उपाशीपोटी, आणि शिबिर ठेवलेलं संध्याकाळी चारला! सकाळपासून कोणाच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. एक आजी भिंतीला धरून उभ्या होत्या. चंद्रभानजी नावाचे निवृत्त पोस्टमन तर एक झाकणाची बाटली रुमालात गुंडाळून घेऊन आले होते आणि ती कोणाकडे द्यायची म्हणून प्रत्येकाला विचारत होते. शेवटी त्यांनी ती लहानूजींच्या हातात दिली. लहानूजींनी घेतली. काय करणार? ठेवायला टेबल नव्हतं, फेकावी तर चंद्रभानजी समोर उभे होते. दोन तास ते बाटली हातात धरून हॉलबाहेर उभे होते.

माधवी मॅडम मात्र डगमगल्या नाहीत. त्यांनी आधी सगळ्यांना चिवडा आणि केळी मागवून खाऊ घातली. मग म्हणाल्या, शुगर आज नाही तपासणार, आज झोपेबद्दल बोलू. कोणाकोणाला झोप येत नाही? सत्तेचाळीस हात वर गेले. आणि त्या गडबडीत, मागच्या रांगेतून, हसण्याचा आवाज आला. लहानूजींनी खिडकीतून डोकावून पाहिलं. अश्विन हसत होता. बाप हातात कसली बाटली धरून उभा आहे हे बघून तो पोट धरून हसत होता. किती महिन्यांनी! लहानूजींनी बाटली आणखी थोडी वर धरली.

दुसऱ्या शनिवारी शुगरवाले गळाले आणि खरे गरजू उरले. आधी दहा, पुढे तेरा जण. दोघं पवनारहून बसने यायचे, एक बाई हिंगणीहून. बाकी आसपासचे. चंद्रभानजीही राहिले. त्यांना काही झालं नव्हतं, पण इथे आपलं कोणीतरी ऐकतं म्हणाले. अश्विन दर शनिवारी साडेतीनलाच शर्टाला इस्त्री करायचा.

आत जायची मनाई, म्हणून लहानूजी प्लास्टिकची खुर्ची टाकून दाराबाहेर बसायचे. विचारलं तर म्हणायचे, चपला राखतो. हेही खोटं नव्हतं. पहिल्याच दिवशी एका आजोबांची डावी चप्पल कुत्र्याने नेली होती. पण माणूस चौतीस वर्षं ज्या हाताने लिहितो तो हात असा मांडीवर किती वेळ गप्प बसणार? तिसऱ्या शनिवारी त्यांनी दोनशे पानी वही आणली. रकाने आखले. अनुक्रमांक, पूर्ण नाव व पत्ता, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, शेरा. नावं विचारायची नव्हतीच. चपला ओळखीच्या होत्या, ज्या नव्हत्या त्यांची नावं बोलता बोलता काढली. वही पिशवीत, पिशवी खुर्चीखाली. कोणाचं काय बिघडतं? शासनाने उद्या विचारलंच तर नोंद असलेली बरी. शासन कशाला विचारेल, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

चौथ्या शनिवारी वहीत अनुक्रमांक अकरावर एक नाव चढलं आणि लहानूजी दचकले. हिरालालजींची सून, सपना. निळ्या पट्ट्याच्या चपला. तिच्या पर्समधून शिंप्याची टेप बाहेर लोंबत होती.

"काका, घरी मी शिलाई क्लास सांगतलं आहे," ती आत जाता जाता म्हणाली. "तुमी काई बोलजा नोका."

"नाई बोलत बेटा," लहानूजी म्हणाले, आणि बोललेही नाहीत. त्यांनी फक्त लिहिलं.

सहाव्या शनिवारच्या संध्याकाळी अश्विन जेवताना आईला म्हणाला, "आई, आठव्या शनिवारी अर्धा तास माह्याकडं आहे. मॅडम म्हनल्या, तू शिकव."

नलूबाईंच्या हातातली पोळी तव्यावर करपली. लहानूजींनी घास तसाच ठेवला. "कोनता विषय आहे बा?"

"आहे एक," अश्विन म्हणाला. "बाबा, त्या दिवशी तुमी आत येजा. समोरच बसजा."

आता सांगा, बापाने काय करायचं होतं? आठव्या शनिवारी धुतलेला शर्ट घालून समोर बसायचं होतं. बस. यापलीकडे काही करायचं नव्हतं. पण लहानूजी स्वतः निवृत्त झाले ते दोन हजार वीसच्या एप्रिलमध्ये, सगळं बंद असताना. चौतीस वर्षांच्या नोकरीचा शेवटचा आदेश मोबाईलवर आला. निरोप समारंभ नाही, शाल नाही, नारळ नाही, दोन शब्द बोलायला कोणी उभं राहिलं नाही. ते दुसऱ्याच्या निरोप समारंभाची पत्रिका आजवर शंभर वेळा लिहून मोकळे झाले होते. हे दुःख त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, नलूबाईंनाही नाही. तेव्हा माणसाला द्यायची सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, असं त्यांना विचारलं असतं तर त्यांनी सत्कार हेच सांगितलं असतं. आपल्याला मिळाला नाही, तो पोराला मिळू दे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

ते रूपरावजींकडे गेले. रूपरावजींना अट आठवतच होती. "हो ना थूलसाहेब, समारोप तं जोरदार झाला पायजे. पाहुना मी आनतो. फ्लेक्स मी लावतो चौकात. मजकूर तुमी द्या, तुमची मराठी गज्जब आहे." ही शेवटची ओळ घातक ठरली. एका रात्रीत मजकूर तयार झाला:

'गुणगौरव सोहळा! मानसिक आजारावर यशस्वी मात करणाऱ्या तेरा बंधू-भगिनींचा जाहीर सत्कार.'

खाली तेरा नावं, वहीतून उतरवलेली, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, पत्त्यासकट. मजकूर लिहिताना अनुक्रमांक अकराशी पेन थोडा थबकला. पण एक नाव गाळलं तर तेराचे बारा होतात, आणि नोंदीशी मेळ बसत नाही. वर उजव्या बाजूला रूपरावजी हात जोडून. डाव्या बाजूला, सगळ्यांत मोठा, अश्विनचा फोटो, पदवीदान समारंभातला, काळा झगा आणि टोपी घातलेला. नलूबाईंना त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की शनिवारी पाह्यजो, पोराचं नाव होते का नाई ते.

माधवी मॅडमना काहीच सांगितलं नाही. आनंदाचा धक्का द्यायचा होता.

फ्लेक्स आठव्या शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास चौकातल्या विजेच्या खांबावर चढला. लहानूजी तेव्हा हॉलमध्ये तेरा शाली, तेरा नारळ मोजून टेबलावर मांडत होते आणि एका नारळाला शेंडी नाही म्हणून तो बदलून आणत होते. अश्विन साडेतीनला निघाला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात घडी केलेला कागद. नलूबाई सांगतात, फाटकापर्यंत जाऊन परत आला आणि म्हणाला, "आई, आज भेव नाई वाटून राह्यलं." मग गेला. घरापासून चौक दीडशे पावलांवर आहे. सात-आठ मिनिटांनी तो परत आला, कोणाकडे न बघता मागच्या खोलीत गेला आणि आतून कडी लावली.

इकडे हॉलमध्ये चार वाजले, सव्वाचार वाजले. पाहुणे आले, रूपरावजी आले, हार आले, सत्कारमूर्ती येईनात. चौकातून येणारा प्रत्येक जण त्या खांबापाशी थांबत होता, वर बघत होता आणि माघारी फिरत होता. पवनारची दोघं आणि हिंगणीची बाई मागच्या रस्त्याने आली म्हणून तेवढी पोचली, आणि टेबलावरच्या शाली बघून दारातच उभी राहिली. माधवी मॅडम आल्या. त्यांनी बाहेर काय लागलं आहे ते पाहिलं होतं. चेहरा पांढराफटक. "काका, ही नावं कुठून आली?"

लहानूजींनी पिशवीतून वही काढून दाखवली. अभिमानाने दाखवली हो! अजूनही त्यांना कळलं नव्हतं.

मॅडमनी वही उघडली, एक पान पाहिलं, मिटली. "मी नोंद ठेवत नव्हते ती आळसामुळे नाही, काका." एवढंच म्हणाल्या. उरलेल्या तिघांना घेऊन त्या मागच्या दाराने निघून गेल्या.

आणि पुढच्या दाराने हिरालालजी आले. "लहानूजी! माह्या सुनेचं नाव चौकात? कोन्या आजारावर मात केली तिनं? कोनता आजार आहे तिले?" ते ओरडत होते, पण ओरडता ओरडता त्यांचा आवाज मध्येच बसला. "मी तं तिले शिलाईची मशीन घेऊन देल्ली ना," ते म्हणाले. "खरंच शिकून राह्यली मनून. मले घरात कोनी सांगतलं काऊन नाई?" याचं उत्तर हॉलमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं, बहुधा त्यांनाही. ते तसेच वळले आणि गेले.

इतकं झाल्यावर कार्यक्रम बंद करायला हवा होता. पण पाहुणे आले की कार्यक्रम बंद होत नाही, ही आपली रीत. रूपरावजी कुजबुजले, "थूलसाहेब, पाहुन्याइनं दोन कार्यक्रम सोडले आपल्यासाठी. काईतरी करा." मग रस्त्यावरून माणसं बोलावली. खुर्च्या भरल्या. चंद्रभानजी आले, त्यांना शाल घातली. पाहुण्यांनी विचारलं, तुम्ही कशावर मात केली? चंद्रभानजी म्हणाले, "शुगरवर." टाळ्या झाल्या. मांडववाल्याचा सत्कार झाला, माइकवाल्याचा झाला, रस्त्यावरून आणलेल्यांचाही झाला. मांडववाला नारळ घेऊन तिथेच पायरीवर फोडायला बसला. शेवटी टेबलावर एकच शाल उरली. रूपरावजींनी माइक हातात घेतला: "आनि ज्याइच्या अथक परिश्रमातून हा सोहळा घडला, ते आपले थूलसाहेब!"

लहानूजी नको नको म्हणत होते. खरंच म्हणत होते. पाहुण्यांनी शाल खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला, फोटोवाला म्हणाला इकडे बघा. चार वर्षं वाट पाहिलेला सत्कार त्यांचा असा झाला. फोटो निघाला तेव्हा ते रडत होते. रूपरावजींनी माइकवरून सांगितलं, साहेब भारावले आहेत.

घरी आले तर नलूबाई मागच्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं, शाल पाहिली. "काढा ते आंगावरून," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढा कडक शब्द लहानूजींनी सदतीस वर्षांत ऐकला नव्हता.

पुढचे दिवस फार वाईट गेले. अश्विनचं ताट दाराशी ठेवायचं, अर्धं परत यायचं. औषध तो घेत होता, एवढाच आधार. फ्लेक्स त्याच संध्याकाळी लहानूजींनी स्वतः शिडीवर चढून काढला, उतरताना पडले, गुडघा सुजला. मग त्यांनी लंगडत लंगडत घरोघर जाऊन माफी मागायची ठरवली आणि तेरा प्रतीत पत्र लिहिलं: 'झालेल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त करणेबाबत.' नलूबाईंनी ते वाचून चुलीत, म्हणजे गॅसवर, धरलं. "तोंडानं सांगा," म्हणाल्या. "तोंड देल्लं ना देवानं?"

तोंडाने सांगितलं. काहींनी दार उघडलं, काहींनी नाही. सपना महिनाभर माहेरी, रोहण्याला, जाऊन राहिली. आली तेव्हा हिरालालजी स्वतः तिला पवनारच्या बसमध्ये बसवून द्यायला लागले, कारण वर्ग आता तिथे भरायचा. दुकानात लहानूजी गेले तर ते साखर देतात, बोलत नाहीत. माधवी मॅडमनी मात्र माफ केलं. त्या म्हणाल्या, अश्विनला सांगा, जागा ठेवली आहे. लहानूजींनी दाराबाहेरून सांगितलं. दार उघडलं नाही.

त्या सत्काराच्या शनिवारनंतर पंधराएक दिवसांनी नलूबाई धुणं धुताना ओरडल्या. अश्विनने टोपल्यात टाकलेला पांढरा शर्ट, त्याच्या खिशात घडी केलेला कागद. बालदीत बुडाला होता. त्यांनी तो हळूच सोडवला आणि लहानूजींपुढे धरला. खालची शाई पसरली होती, वरचं वाचता येत होतं. अश्विनचं अक्षर, बापासारखंच, ठळक आणि सुटं.

'विषय : घरातल्या माणसांनी काय करावं.

१. काही करू नये. (इथे लोक हसतील. हसू द्यायचं.)

२. माझे बाबा रोज सकाळी माझ्या खोलीच्या दारासमोर खुर्ची टाकून पेपर मोठ्याने वाचायचे. मला वाचून दाखवत नव्हते. ऑफिसच्या सवयीमुळे त्यांना मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. कापसाचे भाव, टेंडर नोटीस, निधनवार्ता, सगळं. मला कोणी कसा आहेस विचारलं की छातीत धडधडायचं. बाबा काही विचारत नव्हते. फक्त वाचायचे. आज कोणता वार आहे हे मला त्यांच्यामुळे कळायचं. एक दिवस पंख्याच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून मी दार थोडं उघडलं. मी बरा व्हायला लागलो तो त्या दिवशी.

३. ते आज इथे समोर बसले आहेत. त्यांना यातलं काहीही माहीत नाही.'

याखाली सगळा निळा डाग होता.

लहानूजी तो कागद हातात धरून बराच वेळ मोरीच्या उंबरठ्यावर बसून होते. खरंच माहीत नव्हतं हो त्यांना. ते तिथे बसायचे कारण ओट्यावर सकाळचं ऊन डोळ्यांवर यायचं आणि पुढच्या खोलीत टीव्ही चालू असायचा. कोर्स सुरू झाला तसं त्यांनी ते बसणं सोडलं होतं. सकाळ वही आखण्यात जायची. आणि आता पोराच्या तोंडून चारचौघांत जे ऐकायचं होतं, ते त्यांनी बालदीतून काढून वाचलं. आठवा शनिवार गेला तो गेलाच, तो काही परत अर्ज करून मिळणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुर्ची दारासमोर टाकली. पेपर उघडला. आणि आवाजच निघेना. इतके दिवस आपल्या तंद्रीत वाचायचे ते वाचायचे, आता पलीकडे कोण आहे हे ठाऊक झालं होतं. घसा खाकरून त्यांनी एक चांगली बातमी निवडली. कुठल्याशा गावात बंधारा झाल्याची. मग दुसरी चांगली बातमी शोधू लागले, ती सापडेना. स्वयंपाकघरातून नलूबाई म्हणाल्या, "निधनवार्ता काऊन सोडून देल्ली? पयले तं तेच वाचत होते."

मग निधनवार्ता वाचली. कापसाचे भाव वाचले. टेंडर नोटीस वाचली. दार बंद. दुसऱ्या दिवशी वाचलं, दार बंद. आठवडा गेला. आवाज हळूहळू जुना झाला, पण मनात एक कान दाराला लावलेलाच असायचा, आणि त्याने वाचनाचं पार वाटोळं केलं. ओळी गळायच्या, पान उलटायचं विसरायचं. अकराव्या दिवशी ते पान तीनवरची पाइपलाइनच्या कामाची नोटीस वाचत होते. अनामत रक्कम, अटी आणि शर्ती, अर्ज स्वीकारण्याची अंतिम तारीख.

"बाबा."

लहानूजी थांबले. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं बंद पडलं.

"हे परवाच वाचलं तुमी," आतून अश्विन म्हणाला.

त्यांनी वरच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. पेपर खरंच परवाचा होता. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, बाबा चुकले रे, असं काहीतरी, पण तोंडातून निघालं ते एवढंच: "हाव. चुकून परवाचा आनला."

त्यांनी पेपरची घडी घातली. दार बंदच होतं.

"मंग आजचा आना," आतून आवाज आला.